आज पाण्यावर कोण?

दिनू, तुझ्या त्या ओळीचा अर्थ मी तुझ्या शोकसभेतही चुकीचाच सांगितला. कंपनीत भट्टीच्या शॉपमध्ये, पहिली पाळी सुटायच्या वेळेला, माईक हातात धरून चांगला दहा मिनिटं बोललो. माणसं उभ्या उभ्या ऐकत होती, दोघातिघांनी रुमाल काढले. तू असतास तर खांबाला टेकून शेवटपर्यंत ऐकलं असतंस आणि बाहेर पडताना माझ्या कानाशी म्हणाला असतास, "मास्तर, नापास."

तुला जाऊन तीन आठवडे होत आले. लोक विचारतात, तुमचे कोण लागायचे? मी म्हणतो, मित्र. मग पुढं काहीतरी सांगायला लागतो आणि मध्येच थांबतो. म्हणून हे सरळ तुलाच लिहितोय. दुसऱ्या कुणासाठी लिहायला बसलो तर मी पुन्हा अर्थ सांगत सुटेन, माझी खोड तुला ठाऊक आहे. खोलीत पेपर मोठ्यानं वाचून प्रत्येक बातमीचा अर्थ समजावून द्यायचो, म्हणून तर तू मला मास्तर करून टाकलंस.

तुझी ओळ तुलाच ऐकवायची म्हणजे कमाल आहे. पण एकदा ती माझ्या हातून जशीच्या तशी उतरू दे. "पाण्यावर गेला त्याचं अंथरूण काढू नये." बस, एवढीच कविता. लॉगबुकच्या कोऱ्या पानावर, भट्टीच्या तापमानांची नोंद करायच्या त्याच बॉलपेननं लिहिलेली. ते पान तू फाडून पाकिटात ठेवलं होतंस. मला दाखवलंस तेव्हा घडीवर चिरलं होतं, म्हणजे लिहून बरीच वर्षं झाली असणार. मी विचारलं, "पुढं?"

"पुढे काय? झाली."

"अरे, एका ओळीची कविता नसते."

"नसेल. मला तेवढंच म्हणायचं होतं."

झालं, तिथून आपलं भांडण लागलं ते लागलंच. मी बीडकडचा. आमच्याकडं माणूस पाण्यावर गेला म्हणजे शेताला पाणी द्यायला गेला, याला दुसरा अर्थच नाही. लाईट कधी येईल त्याचा नेम नसायचा. आली की बाप उठून पाण्यावर जायचा, पहाटे गुडघ्याएवढा चिखल घेऊन यायचा आणि पाय धुऊन तसाच आडवा व्हायचा. आई सगळ्यांची अंथरुणं काढायची, त्याचं तेवढं ठेवायची. मला तुझी ओळ ऐकल्याबरोबर बापच दिसला. मी तुला म्हटलं, दिन्या, तू कोकणातला असून माझ्या बापावर कविता कशी केलीस? तू हसून हसून बेजार झालास. "मास्तर, आमच्याकडे भात पावसावर येतो. मोटरच नाही, तर पाण्यावर जातोय कोण?"

मग मी दुसरं टोक गाठलं. तू खाडीकाठचा, तुझे वडील तरीवर होते, लोकांना होडीनं या काठावरून त्या काठावर सोडायचे. आता आणखी काय हवं? पाण्यावर म्हणजे समुद्रावर. कुणी लांबच्या वाटेला निघालं की पाठोपाठ घरात केर काढत नाहीत, तशीच ही रीत असणार. समुद्रावर गेलेला परत येईपर्यंत त्याची जागा मोडायची नाही. काढली तर तो यायचा नाही, असं भय. मी हे असं रंगवून सांगितलं की तुझी वहिनी, म्हणजे माझी बायको, पोळी लाटता लाटता थांबली. तू मात्र चहा फुंकत बसला होतास.

"बाबा रोज साताच्या आत घरी यायचे," तू म्हणालास. "जेवून आठाला घोरायला लागायचे. त्यांचं अंथरूण सकाळी काढायची पाळी माझीच होती. रोज काढायचो."

एवढं सांगितल्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी थांबलो नाही. कंपनीची स्मरणिका निघाली, तिचं काम माझ्याकडं होतं, आणि पहिल्या पानावर मी तुझी ओळ घातली. घातली ती सुधारून. "दर्यावर गेला त्याचं अंथरूण काढू नये." पाण्यावर म्हटलं की शहरातल्या माणसाला काय कळणार, टँकर का नळ? दर्या म्हटलं की चित्र उभं राहतं. खाली तुझं नाव आणि त्याखाली माझं अर्धं पान विवेचन. तू अंक हातात घेतलास, वाचलास, मिटलास. आपल्या इतक्या वर्षांत तू माझ्यावर चिडलेला मी तेवढाच एकदा पाहिला, आणि तेव्हाही आवाज चढवला नाहीस.

"माझा शब्द काढलास तो कुठे ठेवलास?"

"अर्थ तोच आहे रे."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा, असला माणूस आहेस तू."

मी चष्मा चाचपला. तो नाकावरच होता. तुला वाटलं असेल, आता तरी याच्या डोक्यात प्रकाश पडेल. मला वाटलं, कोकणी माणूस, तिरकंच बोलायचा.

त्यानंतर गुरुवारचा नेमच होऊन बसला. सुट्टीच्या दिवशी चिंचवडहून स्कूटर काढायची आणि महाळुंग्याला तुझ्या दोन खोल्यांत येऊन बसायचं. वहिनी, म्हणजे तुझी बायको, तांदळाच्या भाकऱ्या करायच्या, कधी खाडीची मासळी गावाहून आलेली असली तर ती, आणि आपण जेवून उठेपर्यंत वाद. मी नवीन अर्थ घेऊन यायचो. पाणी म्हणजे काळ. पाणी म्हणजे स्थलांतर, आपण सगळे इथं आलोत ते पाण्यावरच आलोत. तू ऐकून घ्यायचास आणि मान हलवायचास. शेवटी मी वैतागून म्हणायचो, मग तूच सांग ना बाबा एकदा. तुझं उत्तर ठरलेलं, "पुढच्या गुरुवारी ये, सांगतो." पुढच्या गुरुवारी तू दुसरंच काहीतरी बोलत बसायचास आणि माझ्याही लक्षात राहायचं नाही.

तुझा शेवटचा निरोप माझ्या फोनमध्ये आहे. मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बोललेला, अकरा सेकंदांचा. आधी फोर्कलिफ्ट मागं येतानाचं टूंटूं ऐकू येतं, मग तू कुणाला तरी "सरक रे" म्हणतोस, आणि मग मला, "मास्तर, तुझा कालचा मेसेज वाचला. परत चुकलास. गुरुवारी ये, सांगतो." बुधवारी सकाळी तू गेलास. गुरुवारी मी आलो तेव्हा तुझ्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता.

तो निरोप मी किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. ऐकू नये असं ठरवतो आणि बाथरूममध्ये गीझरचं पाणी वाफाळत पडायला लागलं की तू मागं उभा असल्यासारखं वाटून वळून बघतो. बायकोनं कुकरची शिटी काढली की दचकतो. सकाळी ती गादीवरची चादर ओढायला लागली तर परवा मी तिच्यावर ओरडलो. असं ओरडायला मला झालं काय, हे तिला कळेना आणि मलाही. भुताखेतावर माझा विश्वास नाही, तुझा होता. तू म्हणायचास, जाणारा माणूस काही मागायला परत येत नाही, विसरलेलं द्यायला येतो. तेव्हा मी त्याचाही अर्थ सांगितला असणार.

शोकसभा संपली, माणसं बसकडं निघाली आणि खंडूभाऊ माझ्याजवळ आला. महाळुंग्याचाच, आपल्याबरोबर लागलेला, ज्याच्या आईच्या चाळीत आपण पहिली चार वर्षं काढली तो खंडू. आता केस पार पांढरे झालेत. टोपी हातात घेऊन माझ्यासमोर अवघडून उभा राहिला. मी साहेब ना.

"ब्येस बोलला साहेब," तो म्हणाला. "दर्या, व्हड्या, समदं डोळ्यापुढं आलं. पन येक इचारू का? दिनूभाऊनं पान्यावर लिवलं व्हतं ना?"

"हो. दर्या मी केलं."

"मंग पान्यावर तर तुमीच व्हता की."

मी म्हटलं, "मी?"

"आता बघा. तो भट्टीवर, तुमी पान्यावर. पाळी बदलली का पैलं काय इचारायचो आमी? आज पान्यावर कोन? इसरला व्हय?"

विसरलो होतो, दिनू. खरंच सांगतो, तो शब्द माझ्या डोक्यातून धुऊन निघाला होता. लालबुंद शाफ्टांची टोपली तुमच्या भट्टीतून बाहेर यायची, ती हॉइस्टनं उचलून पाण्याच्या टाकीत सोडायची, पोलादाला पाणी द्यायचं. टाकीवरचा माणूस तो पाण्यावरचा माणूस. दोन वर्षं तो मी होतो. छस्स करून वाफ अंगावर यायची, भुवया जळायच्या, पाळी संपेपर्यंत कपडे आतून घामानं आणि बाहेरून वाफेनं ओले. पुढं टाकीत पाण्याच्या जागी तेल आलं, लोक "तेलावर" म्हणायला लागले आणि जुना शब्द गेला. मी तर त्याच्याही आधी गेलो होतो.

खंडूचं बोलणं संपलं नव्हतं. "तुमी चिंचवडला ग्येला ना भावाकडं, तवा तुमचं हातरून त्यानं आठ दिस पसरून ठिवलं. माजी आय वरडायची, आरं मला झाडायचंय, उचल की ते. तर म्हनायचा, ऱ्हाऊ दे मावशे, पान्यावर ग्येलाय, यील." मग त्याची बस हॉर्न द्यायला लागली म्हणून तो टोपी घालून पळाला.

मी तिथंच टाकीजवळ उभा राहिलो. माझ्या भाषणाचा कागद खिशात होता.

दहा बाय बाराची खोली, सहा माणसं आणि अंथरुणं तीन. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू, त्यामुळं एका अंथरुणावर दोघं, पण एका वेळी एक. तुझं आणि माझं एक होतं. उठला की त्यानं वळकटी करून भिंतीला लावायची हा खोलीचा कायदा, कारण मग जमिनीवर स्टोव्ह यायचा. तू एकटा तो मोडायचास. मी तिसऱ्या पाळीला असलो की सकाळी साडेसातला खोलीवर पोचायचो. तू पहिल्या पाळीला निघून गेलेला असायचास, कधी बांधावरच्या वाटेवर समोरून यायचास आणि नुसती मान हलवायचास. खोलीत बाकी सगळ्या वळकट्या भिंतीला, आणि आपलं अंथरूण कोपऱ्यात पसरलेलं, चादर झटकून सरळ केलेली. उशीला तुझ्या खोबरेल तेलाचा वास. बाकीचे कुरकुरले तर तू त्यांना काय सांगायचास तेही मला आता आठवतंय, "पाण्यावरून आलेल्या माणसाला वळकटी सोडायचंसुद्धा त्राण नसतं, तुम्ही एकदा उभे राहून बघा." मी यायचो आणि पडायचो. तुला एकदाही काही म्हटलं नाही. तेव्हा त्यात म्हणण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

आणि आता ते आठ दिवस. ते मी कधीच कुणाला सांगितले नाहीत, तुला तर नाहीच. क्वालिटी खात्यात जागा निघाली, ती भोसरीच्या प्लांटला. आपण दोघांनी अर्ज केले, दोन्ही मीच लिहिले, कारण अक्षर माझं बरं. जागा एक होती. तिसरी पाळी सुटताना साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुझं झालं. दिनू, तुझं झालं नाही हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते त्यातच आलं. मी खोलीकडं निघालो. बांधापर्यंत आलो आणि तिथून वळलो. समोरून तू येशील, मान हलवशील आणि मला काहीतरी बोलावं लागेल, या एका भीतीनं मी रस्त्यावर जाऊन सहा आसनी रिक्षात बसलो आणि भावाकडं चिंचवडला गेलो. आज जाऊन सांगू, उद्या सांगू. तसाच भोसरीला रुजू झालो. नवव्या दिवशी तूच दारात उभा. डोक्यावर माझी ट्रंक, काखेत वळकटी, भोसरीला उतरून पुढं बस बदलून आलेला. "राहिली होती," म्हणालास. माझ्या भावाच्या बायकोनं दिलेलं पाणी प्यायलास, माझ्या खांद्यावर हात ठेवून अभिनंदन केलंस, आणि तुझी दुसरी पाळी होती म्हणून लगेच निघालास. मी तुला बसपर्यंत सोडायलाही आलो नाही. म्हटलं, तुला वाईट वाटलं नाही ना, मग झालं तर.

मला ती ओळ कळली नव्हती, की कळू द्यायची नव्हती? खंडू भेटल्यापासून मी हेच कुरतडत बसलोय. मी बापाला पाण्यावर पाठवलं, तुझ्या वडिलांना दर्यावर पाठवलं, सगळ्या जगाला पाण्यावर पाठवलं, फक्त स्वतःला नाही. पाण्यावर हा शब्दच मी छापताना खोडला. तो खोडताना माझा हात अडखळला होता का, हे आठवायचा मी फार प्रयत्न केला. आठवत नाही. म्हणूनच मला स्वतःचा भरवसा वाटत नाही.

माझं चुकलं, दिनू. अर्थ चुकला त्याचं एवढं काही नाही, त्या सकाळी बांधावरून वळलो ते चुकलं. तुझ्यासमोर उभं राहून "माझं झालं, तुझं नाही झालं" एवढे पाचच शब्द बोलायला हवे होते. तू ऐकून घेतलं असतंस, आणि मग अंथरूण माझ्या हातानं काढून मला निघता आलं असतं. इतक्या गुरुवारांत एकदा तरी मी हे बोलायला हवं होतं. तू तर दर वेळी ताट वाढून माझ्यासमोर बसला होतास.

काल गुरुवार होता. मी वहिनींकडं गेलो. हे सांगायचं धाडस तुझ्यापुढं झालं नाही, निदान त्यांच्यापुढं तरी करावं म्हणून गेलो. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, त्या ओळीचा अर्थ लागला." त्यांनी मान वर केली नाही.

"लागला का?" म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. टाकी, खोली, बांध, आठ दिवस. मधेच त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला, भावोजी. लग्न झालं त्याच वर्षी सांगितलं त्यांनी."

"आठ दिवस माझी वाट बघत होता तो."

"वाट कसली? तुमचं झालं, तुम्ही भावाकडे गेलात, हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं त्यांना कंपनीत. तुम्ही यायचे नाही हेही कळलं होतं."

"मग अंथरूण कशाला ठेवलं?"

"काढलं असतं तर तुम्ही गेलात असं झालं असतं," त्या म्हणाल्या, आणि सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

 मी विचारलं, "इतकी वर्षं भांडलो आम्ही. मला एकदाही का नाही सांगितलं?"

"मी म्हणायचे ना, सांगून टाका एकदाचं. बिचारे एवढ्या लांबून येतात, डोकं फोडून घेतात. तर म्हणायचे, कळलं तर लाजेल आणि यायचा बंद होईल. चुकतोय तोवर येतोय."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं.

"आता तर कळलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मग पुढच्या गुरुवारी भाकरी टाकू ना तुमची?"

मी हो म्हणालो. मग पुन्हा एकदा म्हणालो.